अमेरिकेच्या इतिहासाचे अस्सल कागद: विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शोध कसा घ्यावा

जुलै १९४६च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक छोटे पत्र पाठवले. ‘नॅशनल नीग्रो काँग्रेस’ या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. अस्पृश्यांसाठीही तसेच काही करण्याचा विचार बाबासाहेबांच्या मनात होता, म्हणून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याल का, अशी त्यांनी विनंती केली. डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले. ही दोन्ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा कुठूनही फुकट पाहता येतात. पण ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या कॅटलॉगमध्ये ‘आंबेडकर’ शोधले तर पुस्तकांची यादी समोर येते. ही पत्रे शोधायची तर वेगळ्या दारातून आत जावे लागते.

याचे कारण पुस्तके आणि कागदपत्रे लावण्याच्या पद्धतीत आहे. पुस्तके विषयानुसार लावतात. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाची वर्गीकरण पद्धत वापरतात. तिच्यात अमेरिकेचा इतिहास ‘ई’ आणि ‘एफ’ या अक्षरांखाली येतो. ‘ई’मध्ये देशाचा इतिहास असतो, ‘एफ’मध्ये राज्यांचा आणि गावांचा. कृष्णवर्णीयांचा इतिहास ‘ई १८५’ला सापडतो, तर गुलामगिरीचा वाद आणि उत्तर-दक्षिण राज्यांतले यादवी युद्ध ‘ई ४४१’पासून पुढे. कागदपत्रांना हा नियम लागू होत नाही. ती ज्या माणसाने किंवा संस्थेने निर्माण केली आणि जपली, त्यांच्या नावाने एकत्र ठेवतात. आपल्याकडे एखाद्या सरदार घराण्याचे दप्तर उघडले की जमाखर्च, पत्रे, लग्नाच्या याद्या आणि वतनाचे तंटे एकाच गठ्ठ्यात सापडतात. अमेरिकी संग्रहही असाच असतो. त्यामुळे ‘माझा विषय कुठे आहे?’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. ‘हा कागद शेवटी कोणाच्या घरात किंवा कचेरीत जाऊन पडला असेल?’ असे विचारायला हवे.

पत्रांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा सरळ असते. आलेले पत्र ज्याला आले त्याच्या संग्रहात राहते. आंबेडकरांचे पत्र डू बॉइस यांच्या कागदांत आहे ते यामुळेच. एखाद्याने पाठवलेली पत्रे हवी असतील, तर ज्यांना ती पाठवली त्या प्रत्येकाचा संग्रह धुंडाळावा लागतो. टंकलेखन यंत्र आल्यावर लोक कार्बन प्रती ठेवू लागले, त्यामुळे विसाव्या शतकात पुष्कळदा दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मिळतात. त्याआधीच्या काळात दोन टोकांचे दोन संग्रह जुळवायची तयारी ठेवावी.

गुलामगिरीच्या इतिहासात हीच गोष्ट जास्त कठोरपणे जाणवते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ची स्थापना १९३०ची. दक्षिणेतील मळेवाल्या घराण्यांच्या कागदांचा हा फार मोठा साठा आहे. तिथे गुलाम स्त्री-पुरुषांची माहिती बहुतेक वेळा मालकाच्या आडनावाखाली सापडते: कापडवाटपाच्या यादीत, कापूस वेचणीच्या वहीत, मृत्युपत्राच्या मालमत्तेत किंवा विक्रीच्या पावतीवर. नाव अनेकदा नुसते पहिलेच असते आणि पुढे वय किंवा किंमत. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते, पण त्यांत मालकाचे नाव लिहून गुलामांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण नोंदवले. मुक्त झालेल्या या लोकांची नावे देशभर नोंदवणारी पहिली जनगणना १८७०ची. म्हणून या विषयावर काम करणारे १८७०चे कुटुंब पकडतात, त्याच परिसरातल्या मळेवाल्यांची नावे काढतात आणि मग त्या घराण्यांचे कागद मागवतात. मागे मागे जाण्याची ही वाट वेळखाऊ आहे, पण माणूस सापडण्याची शक्यता याच वाटेवर सर्वांत जास्त असते.

सुरुवात पुस्तकांच्या तळटीपांपासून

थेट हस्तलिखितांकडे धावणे ही सगळ्यांत महागडी चूक आहे. आधी विषयावरची दोन-तीन अलीकडची अभ्यासपूर्ण पुस्तके घ्या आणि त्यांच्या तळटीपा वाचा. कोणता संग्रह, कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या खोक्यात, हे तिथे लिहिलेले असते. दुसऱ्याने केलेल्या कित्येक महिन्यांच्या शोधाचे फळ तुम्हाला एका संध्याकाळी मिळते.

मग कॅटलॉगमध्ये आपले शब्द सोडून ग्रंथालयाचे शब्द वापरा. हाती लागलेल्या एखाद्या चांगल्या पुस्तकाची पूर्ण नोंद उघडा आणि तिच्यातले विषयशीर्षक पाहा. त्या शीर्षकाला ‘सोर्सेस’, ‘करस्पॉण्डन्स’, ‘डायरीज’ किंवा ‘पर्सनल नॅरेटिव्ह्ज’ हा पुरवणी शब्द जोडून पुन्हा शोध घ्या. छापून प्रसिद्ध झालेली मूळ साधने अशाने वर येतात. अनेकांना वाटते की मूळ साधन म्हणजे फक्त हस्तलिखित. तसे नाही. यादवी युद्धाचे दोन्ही बाजूंचे लष्करी अहवाल आणि पत्रव्यवहार सरकारनेच १८८० ते १९०१ या काळात १२८ पुस्तकांत छापले. कॉर्नेल विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवले आहेत. १९११मध्ये आलेला डिलिंगहॅम आयोगाचा स्थलांतरितांविषयीचा अहवाल ४१ खंडांचा आहे आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या भारतीय मजुरांची माहिती त्यात मिळते.

शब्द काळानुसार बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांत १९७०च्या दशकापर्यंत ‘नीग्रोज’ होते. मग ‘ॲफ्रो-अमेरिकन्स’ आले आणि २००० साली ‘आफ्रिकन अमेरिकन्स’. जुन्या सूच्या सगळीकडे सुधारलेल्या नाहीत, म्हणून तिन्ही शब्द टाकून पाहावेत. यादवी युद्ध उत्तरेच्या सरकारी कागदांत ‘रिबेलियन’, म्हणजे बंड, म्हणून येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्तमानपत्रांत भारतातून आलेला कोणीही, शीख असो वा मुसलमान, ‘हिंदू’च असतो आणि त्याचे स्पेलिंग शेवटी ‘यू’ऐवजी ‘डबल ओ’ असे आढळते. आज वापरला जाणारा सभ्य शब्दच फक्त शोधला, तर त्या काळातला बराच मजकूर हातून निसटतो.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण मराठी वाचकाला या बाबतीत चांगले शिकवते. त्या १८८६ साली ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’तून डॉक्टर झाल्या. नाव पाहून लोक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे चौकशी करतात आणि हात हलवत परततात. १८५०मध्ये सुरू झालेले ते महाविद्यालय विलीनीकरणे होत होत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सामावले, त्यामुळे जुने कागद फिलाडेल्फियातच ड्रेक्सेलच्या ‘लेगसी सेंटर’कडे आहेत. प्रवेशासाठी १८८३मध्ये लिहिलेले पत्र आणि १८८५चे जपानी व सीरियन सहविद्यार्थिनींबरोबरचे प्रसिद्ध छायाचित्र तिथलेच. दुसरी अडचण आडनावाची. तिथल्या नोंदींत ‘जोशी’च्या शेवटी ‘आय’ऐवजी ‘डबल ई’ आहे आणि पहिल्या नावाची स्पेलिंगेही एकाहून जास्त आहेत. त्यांचे चरित्र १८८८मध्ये लिहिणाऱ्या कॅरोलाइन हीली डॉल यांचे कागद मात्र बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. एका व्यक्तीसाठी अशी तीन-चार दारे ठोठवावी लागणे हे नेहमीचेच आहे. संस्था बुडाली, विकली गेली किंवा विलीन झाली असेल, तर तिचा वारसदार कोण, हे आधी शोधावे.

संग्रह नेमका कुठे आहे

‘आर्काइव्हग्रिड’ हे फुकट साधन हजाराहून अधिक संस्थांच्या कागदसंग्रहांच्या नोंदी एकत्र दाखवते. छापील पुस्तकांसाठी ‘वर्ल्डकॅट’ आहे, आणि एकाच व्यक्तीचे कागद अनेक ठिकाणी विखुरले असतील तर ‘स्नॅक’ नावाचा प्रकल्प उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातील संस्थांसाठी ‘ऑनलाइन आर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्निया’ पाहावे. बर्कलीच्या बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयातील, अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीसंबंधीचे कागद तिथून कळतात. चळवळीच्या पहिल्या फळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, त्यामुळे मराठी अभ्यासकाने तो संग्रह चुकवू नये. स्त्रियांच्या इतिहासासाठी हार्वर्डचे श्लेसिंजर ग्रंथालय, अमेरिकी क्रांतीच्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचे क्लेमेंट्स आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी हॉवर्ड विद्यापीठाचे मूरलँड-स्पिंगार्न केंद्र ही पहिली ठिकाणे.

सरकारी छापील कागद अनेकांच्या नजरेतून सुटतात, ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे. अमेरिकेत सुमारे १,१०० ग्रंथालये केंद्र सरकारच्या प्रकाशनांची ठेव-ग्रंथालये आहेत आणि त्यांत विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. हे साहित्य सर्वसामान्यांना फुकट पाहू देणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. खासगी विद्यापीठाच्या दारावर ओळखपत्र मागितले, तरी सरकारी दस्तऐवज पाहायला आलो आहे असे सांगता येते. १८१७पासूनचे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, अहवाल ‘सीरियल सेट’ या मालिकेत आहेत. स्थानिक जमातींशी झालेले व्यवहार, रेल्वेची पाहणी, निवृत्तिवेतनाचे अर्ज, सगळे त्यात आढळते.

फाइंडिंग एड वाचण्याची रीत

कागदसंग्रहाच्या मार्गदर्शक सूचीला ‘फाइंडिंग एड’ म्हणतात. ही सूची सहसा ऑनलाइन असते. लोक थेट खोक्यांच्या यादीवर उडी मारतात, पण आधीची पाने वाचली नाहीत तर ती यादी फसवते.

डू बॉइस संग्रहाचीच सूची घ्या. क्रमांक एमएस ३१२, व्याप सुमारे १६८ फूट, काळ १८०३ ते १९९९, मुख्यतः १८७७ ते १९६३. डू बॉइस यांचा जन्म १८६८चा. मग १८०३ कुठून आले? थोडेसे कागद घराण्याचे किंवा नंतरचे असतात आणि ते काळाची टोके लांबवतात. म्हणून ‘मुख्यतः’ म्हणून दिलेला काळच पाहायचा. व्याप फुटांत देतात, कारण खोकी फळीवर उभी ठेवली की जितकी लांबी व्यापते ती मोजली जाते. नेहमीचे राखाडी खोके पाच इंच रुंद असते, म्हणजे फुटाला सव्वादोन ते अडीच खोकी. एका खोक्यात साधारण ८०० पाने धरा. प्रत्येक पानाला अर्धा मिनिट दिला तरी पावणेसात तास होतात, म्हणजे वाचनकक्षाचा पूर्ण दिवस. एका आठवड्यात पंधरा फूट कागद ‘बघून घेऊ’ असे मनात असेल, तर बेत आताच बदला.

त्यानंतर रचना पाहायची. या संग्रहात पत्रव्यवहार वर्षानुसार आणि वर्षाच्या आत पत्रलेखकाच्या नावानुसार लावला आहे. त्यामुळे १९४६ आणि ‘ए’ अक्षर एवढे कळले की आंबेडकरांपर्यंत पोहोचता येते. ते पत्र १०९ क्रमांकाच्या खोक्यात आहे. सूचीत प्रत्येक पत्रलेखकाचे नाव असतेच असे नाही. एखाद-दुसरे पत्र लिहिणाऱ्यांची पत्रे अनेक संग्रहांत अक्षरानुसार एका सामाईक फोल्डरमध्ये टाकलेली असतात. तुमच्या माणसाचे नाव सूचीत नसले म्हणजे त्याचे पत्र नाही, असा अर्थ काढू नका. त्या अक्षराचा सामाईक फोल्डर मागवा. चांगल्या शोधांतले बरेचसे अशाच फोल्डरमधून निघतात.

तारखेआधी ‘सुमारे’ अशी खूण असेल किंवा तारीख चौकोनी कंसात असेल, तर ती मूळ कागदावर नाही, ग्रंथपालांनी ठरवलेली आहे. आंबेडकरांच्या पत्राची नोंद ‘सुमारे जुलै १९४६’ अशी आहे. उत्तर ३१ जुलैचे असल्यामुळे हा अंदाज भक्कम आहे, पण लेखात ‘सुमारे’ हा शब्द गाळणे चूकच. निर्बंधांचा परिच्छेदही नीट वाचा. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक नोंदींवर १९७४च्या कायद्याचे बंधन असते, वैद्यकीय नोंदी रुग्णाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत संरक्षित असू शकतात आणि काही दात्यांनी अमुक वर्षापर्यंत उघडू नये अशी अट घातलेली असते. तिकीट काढल्यावर हे कळले तर उपाय नसतो.

वाचनकक्षात

विशेष संग्रहांच्या वाचनकक्षात जाण्यासाठी बहुतेक ठिकाणी त्या विद्यापीठाचे विद्यार्थी असण्याची गरज नसते. छायाचित्र असलेले ओळखपत्र, म्हणजे परदेशी माणसासाठी पासपोर्ट, आणि ऑनलाइन नोंदणी पुरते. अडतो तो वेळ. पुष्कळ खोकी दूरच्या गोदामात असतात. उदाहरणार्थ कोलंबिया, प्रिन्स्टन, हार्वर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांचे न्यू जर्सीत सामाईक गोदाम आहे. तिथून खोके यायला काही कामाचे दिवस लागतात, म्हणून निदान दोन आठवडे आधी मागणी नोंदवून उत्तर येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

आत बॅग, पेन, पाणी, खाणे चालत नाही. पेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला फोन चालतो. एका वेळी एक खोके, त्यातून एकच फोल्डर, आणि तो काढलेल्या जागी खुणेचे पुठ्ठ्याचे कार्ड. फोल्डरमधल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही, चुकीचा वाटला तरी. मूळ क्रम हा स्वतःच पुरावा असतो: कोणते पत्र कोणत्या अहवालासोबत ठेवले होते, यावरून ते केव्हा आणि कशासाठी वाचले गेले हे कळू शकते. जुन्या कागदांना पांढरे सुती मोजे लागतात असा समज आहे. उलट मोज्यांमुळे बोटांना कागदाची जाणीव राहत नाही आणि कडा फाटतात. स्वच्छ, कोरडे हात हवेत. मोजे छायाचित्रांसाठी.

फोटो काढताना सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. घरी आल्यावर शेकडो फोटो असतात आणि कोणता कुठला हे कळत नाही. प्रत्येक फोल्डर सुरू करताना आधी खोक्याच्या आणि फोल्डरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, मग पाने. मजकूर असेल तर मागची बाजूही घ्या. पत्र मिळाल्याची तारीख पुष्कळदा पाठीमागेच लिहिलेली असते. लिफाफा सोडू नका. दिवस संपला की त्याच संध्याकाळी फोटो फोल्डरनिहाय लावून दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा.

भारतात बसून

प्रवास न करताही बरेच काम होते. ‘हाथीट्रस्ट’मध्ये मिशिगनसह अनेक विद्यापीठांची डिजिटल पुस्तके आहेत, अमेरिकेत छापून ९५ वर्षे उलटलेली बहुतेक पुस्तके उघडी असतात, मात्र अमेरिकेबाहेर छापलेली काही पुस्तके भारतातून बंद दिसतात. वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ आणि कॅलिफोर्निया, इलिनॉय येथील विद्यापीठांचे संग्रह फुकट आहेत. दक्षिणेच्या इतिहासासाठी चॅपल हिलचा ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ फार उत्तम आहे.

यांत यंत्राने वाचलेला मजकूर शोधला जातो आणि यंत्र चुकते. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब दांडीचा असे आणि यंत्र त्याला ‘एफ’ समजते. त्यामुळे १८००च्या आधीचा मजकूर शोधताना ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही पाहावे. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द आणि फिकट शाई यांमुळेही निकाल हुकतात. शोधात काही आले नाही म्हणून त्या वर्तमानपत्रात ती बातमी नव्हती, असे विधान कधीही करू नये. तारीख माहीत असेल तर पाने एक एक करून वाचावीत.

डिजिटल न झालेल्या कागदांसाठी ग्रंथपालांना ईमेल करा. ‘मला गुलामगिरीवर माहिती हवी आहे’ या वाक्याला उत्तर देणे कोणालाही अवघड आहे. संग्रहाचे नाव, क्रमांक, खोके, फोल्डर, हवी असलेली तारीख आणि तुम्ही आधी काय पाहिले, एवढे सहा-सात ओळींत लिहा. थोडी पाने अनेक ठिकाणी फुकट किंवा अल्प दरात स्कॅन करून मिळतात. काही संग्रहांची मायक्रोफिल्म आंतरग्रंथालयीन देवघेवीने येऊ शकते, मूळ कागद येत नाहीत. अनेक ग्रंथालये बाहेरच्या अभ्यासकांना प्रवासासाठी छोटी अनुदाने देतात आणि त्यांच्या अर्जात संग्रहाचे नेमके खोके लिहिणारा उमेदवार पुढे जातो.

पत्र छापायचे असेल तर ध्यानात घ्या: कागद ग्रंथालयाचा असला तरी मजकुराचा हक्क सहसा लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांवरचा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे राहतो. डू बॉइस १९६३मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०३३ अखेर. अभ्यासासाठी दोन-चार ओळी उद्धृत करणे वेगळे आणि पूर्ण पत्र पुस्तकात छापणे वेगळे; दुसऱ्यासाठी लेखी परवानगी मागा.

आंबेडकरांच्या पत्रापासून पुढे जायचे असेल, तर मागितलेला तो अर्ज शोधावा लागेल. नॅशनल नीग्रो काँग्रेसचे कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या शोम्बर्ग केंद्रात आहेत. १९४७मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनेही संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिले आणि त्याच्या तयारीत डू बॉइस पुढे होते. त्या संघटनेचे कागद वॉशिंग्टनला, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहेत.